दहा डॉलरचा पूल, दोनशे डॉलरचा चेंडू

अमेरिकेत मार्च संपत आला की ऑफिसांमध्ये एक कागद फिरायला लागतो. हल्ली कागदाऐवजी गूगल शीट असते, पण काम तेच. डावीकडे सहकाऱ्यांची नावं, वर बेसबॉलच्या टीम्स आणि मधल्या रिकाम्या चौकटींत ज्याचा त्यानं आपला अंदाज भरायचा. प्रत्येकी दहा डॉलर. सीझन संपल्यावर ज्याचे गुण सगळ्यात जास्त, सगळी रक्कम त्याची. याला तिकडे ‘ऑफिस पूल’ म्हणतात. तुमचा एखादा सीनियर एमएस करून न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये नोकरीला लागला असेल तर त्याला विचारून बघा. बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नसतानाही ‘अरे, तूही भर की’ असं कुणीतरी त्याला म्हटलंच असेल.

तुम्ही म्हणाल, हा तर सरळसरळ जुगार झाला. मग त्यात वेगळं काय? प्रश्न बरोबर आहे, आणि गेल्या दोन वर्षांत अमेरिकन बेसबॉलमध्ये जे घडलं त्यामुळे तो नुसता तात्त्विक राहिलेला नाही. मॅचचा अंदाज बांधणं ही एकच गोष्ट तिथे दोन रूपांत जगते आहे. एक रूप ऑफिसच्या पँट्रीतलं, दुसरं मोबाइलच्या स्क्रीनवरचं. पहिल्यामुळे फार तर दहा डॉलर जातात. दुसऱ्यामुळे खेळाडू कोर्टात उभे राहिले आहेत. हा फरक नेमका कुठे पडतो, ते समजून घेऊ. कारण आयपीएलच्या दिवसांत तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे चालतं, त्यालाही हेच गणित लागू पडतं.

नवखाही जिंकू शकतो

आधी खेळाबद्दल थोडंसं. मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० टीम्स आहेत. मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर प्रत्येक टीम तब्बल १६२ मॅच खेळते. त्यानंतर १२ टीम्स बाद फेऱ्यांत जातात आणि शेवटी उरलेल्या दोन टीम्समध्ये वर्ल्ड सिरीज होते. सातपैकी चार मॅच जिंकेल तो चॅम्पियन. पिचर म्हणजे साधारण आपला बोलर आणि होम रन म्हणजे साधारण आपला सिक्सर, एवढं माहीत असलं तरी पुढचं समजायला पुरे.

या खेळाची गंमत अशी की यात मोठ्यातली मोठी टीमही सारखी हरत असते. २०२५च्या सीझनमध्ये सगळ्यात जास्त मॅच मिलवॉकी ब्रूअर्सनं जिंकल्या. किती? १६२पैकी ९७. म्हणजे पहिल्या नंबरची टीमसुद्धा दहापैकी चार वेळा हरली. पुढे याच ब्रूअर्सना लॉस एंजेलिस डॉजर्सनी बाद फेरीत ४-० असं धुतलं, आणि डॉजर्सनी तर सीझनमध्ये ९३च मॅच जिंकल्या होत्या. मग वर्ल्ड सिरीजमध्ये डॉजर्सना टोरांटो ब्लू जेजनी सातव्या मॅचपर्यंत खेचलं. ती मॅचही नेहमीच्या नऊ डावांत सुटली नाही, अकराव्या डावात सुटली.

पूलसाठी हे फार सोयीचं आहे. वीस वर्षं बेसबॉल बघणारा मॅनेजर आणि परवा हैदराबादहून किंवा पुण्याहून आलेली नवी इंजिनीअर, दोघांचेही अंदाज जवळपास सारखेच चुकतात. नवखा माणूस जाणकारांच्या नाकावर टिच्चून जिंकू शकतो. ऑफिसात त्याचीच चर्चा महिनाभर पुरते.

पूलचे प्रकारही मजेदार आहेत. सगळ्यात साधा प्रकार बाद फेऱ्यांचा. एकूण ११ मालिका होतात, त्या प्रत्येकीचा विजेता आधीच लिहून द्यायचा. पहिल्या फेरीतल्या बरोबर उत्तराला एक गुण, पुढे दोन, मग चार आणि वर्ल्ड सिरीजला आठ. बरोबरी झाली तर शेवटच्या मॅचमध्ये एकूण किती रन होतील, याचा अंदाज कुणाचा जवळचा ते बघायचं. दुसरा प्रकार होम रनचा. प्रत्येकानं ठरावीक खेळाडू निवडायचे आणि सीझनभर त्यांचे होम रन मोजायचे.

तिसरा प्रकार तेरा रनांचा. त्यात खेळाची अक्कल लागतच नाही. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाच्या वाट्याला एक टीम येते. त्या टीमनं सीझनमध्ये शून्यापासून तेरापर्यंतचा प्रत्येक स्कोअर एकदा तरी करायचा. ज्याच्या टीमचे चौदाही आकडे आधी भरतील, तो जिंकला. आता बघा, यात शून्यही लागतं! म्हणजे तुमचे बाकी सगळे आकडे भरलेत आणि शून्य तेवढं राहिलंय, तर आपल्याच टीमनं एकही रन करू नये म्हणून तुम्ही देव पाण्यात घालून बसणार. सोमवारी सकाळी सगळं ऑफिस तुम्हाला हसणार. पूलमधून खरी वसुली होते ती ही.

भिशीसारखा हिशोब

पूलच्या पैशांकडे नीट बघितलं तर ही रचना आपल्या ओळखीची निघते. बरीचशी भिशीसारखी. सगळे एकमेकांना ओळखतात. हिशोबाची वही एकाकडे असते, पण ती कुणीही बघू शकतं. पंधरा जणांनी दहा-दहा डॉलर टाकले तर दीडशे जमतात आणि दीडशेच वाटले जातात. पूल चालवणाऱ्याला वेगळं काही मिळत नाही.

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांचे कायदेही याच मुद्द्यावर बोट ठेवतात. ओळखीच्या लोकांमध्ये छोटी रक्कम लावून खेळलेला खेळ अनेक राज्यांत गुन्हा धरला जात नाही. अट एकच, चालवणाऱ्यानं त्यातून कमाई करायची नाही. त्यानं पाच टक्के ‘कष्टाचे’ म्हणून कापले की तो बुकी झाला. अर्थात, ही सूट सगळीकडे नाही. राज्याराज्यांत नियम बदलतात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना तर सरकारी जागेत किंवा ड्युटीवर असताना पूल चालवायला आणि त्यात भाग घ्यायला नियमानंच बंदी आहे, मग रक्कम एक डॉलर का असेना.

पूलची आणखी दोन वैशिष्ट्यं सहसा कुणाच्या लक्षात येत नाहीत. एक म्हणजे तो संथ असतो. मार्चमध्ये अंदाज द्या, उत्तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एकदा हरलात की ‘आता दुप्पट लावून वसूल करतो’ म्हणायची सोयच नसते, पुढचा पूल पुढच्या वर्षी. दुसरं म्हणजे पूलचा प्रश्न मोठा असतो. सहा महिन्यांत कोण सरस ठरेल? या प्रश्नाचं उत्तर कुणा एका खेळाडूच्या हातात नसतं. ही दोन वैशिष्ट्यं लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट ती दोन्ही हरवल्याची आहे.

२०१८नंतर काय बदललं?

१९९२च्या एका केंद्रीय कायद्यामुळे नेवाडासारखे मोजके अपवाद वगळता अमेरिकेत खेळांवर सट्टा लावायला परवानगी नव्हती. १४ मे २०१८ रोजी तिथल्या सुप्रीम कोर्टानं तो कायदा रद्द केला आणि निर्णय राज्यांवर सोपवला. त्यानंतर ३५हून जास्त राज्यांनी दारं उघडली. फॅनड्युएल, ड्राफ्टकिंग्ज ही नावं घराघरांत पोहोचली. एकेकाळी सट्ट्याचं नावही काढू न देणाऱ्या मेजर लीग बेसबॉलनं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एमजीएम या कसिनो कंपनीशी अधिकृत भागीदारीचा करार केला.

ॲपवरचं गणित पूलपेक्षा वेगळं असतं. समजा, दोन माणसांनी एका मॅचवर विरुद्ध बाजूंनी ११०-११० डॉलर लावले. कंपनीकडे जमले २२०. जिंकणाऱ्याला मिळतात २१०. उरलेले दहा कंपनीचे, मॅच कुणीही जिंको. म्हणजे नुसतं बरोबरीत राहायचं तरी तुमचे शंभरातले साडेबावन्न अंदाज बरोबर यायला हवेत. ज्या खेळात पहिल्या नंबरची टीम साठ टक्केच जिंकते तिथे हे किती अवघड आहे, विचार करा.

चार पैजांची माळ करून लावली तर आणखी गंमत. शक्यता निम्मी-निम्मी असेल तर चारही बरोबर येण्याची शक्यता सोळात एक. शंभर डॉलरला सोळाशे मिळणं न्याय्य. प्रत्यक्षात मिळतात साधारण १,३३०. जाहिरातीत दिसतो तेराशेचा आकडा, न मिळालेले पावणेतीनशे दिसत नाहीत.

पण खरी उडी यापुढची. ॲपनं प्रश्न लहान लहान करत नेला. सीझन कोण जिंकेल, यावरून गाडी आजची मॅच कोण जिंकेल यावर आली. मग या डावात रन होईल का? मग पुढचा चेंडू ताशी ९५ मैलांपेक्षा वेगात येईल का? तो नीट टप्प्यात पडेल की बाहेर? एका मॅचमध्ये साधारण ३०० चेंडू टाकले जातात आणि सीझनमध्ये २,४३० मॅच होतात. गुणाकार केला तर सात लाखांच्या घरात जातो. पूल वर्षाला एक प्रश्न विचारायचा. ॲप सात लाख विचारू शकतं, आणि प्रत्येक उत्तर काही सेकंदांत.

एका चेंडूची किंमत

९ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात एक आरोपपत्र उघड झालं. आरोपी होते क्लीव्हलंड गार्डियन्सचे दोन पिचर, इमॅन्युएल क्लासे आणि लुइस ऑर्टिझ. आरोप असा की त्यांनी ठरवून काही चेंडू टप्प्याबाहेर किंवा ठरावीक वेगानं टाकले आणि आधीच माहिती मिळालेल्या सट्टेबाजांनी नेमक्या त्याच चेंडूंवर पैसे लावले. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार एकट्या क्लासेच्या चेंडूंवर किमान चार लाख डॉलरची कमाई झाली. दोघांनीही कोर्टात आपण निर्दोष असल्याचं सांगितलं, आणि आरोप होणं म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे, हेही लक्षात ठेवा.

पण निकाल काहीही लागो, असा आरोप शक्य का झाला, हा प्रश्न उरतोच. उत्तर सोपं आहे. मॅच फिक्स करायला बरीच माणसं फोडावी लागतात. एक चेंडू फिक्स करायला एकच माणूस पुरतो. मॅचचा निकालही बदलत नाही, त्यामुळे त्या माणसाला वाटतं, यात टीमचं काय गेलं? क्रिकेटवाल्यांना हे सांगायची गरज नाही. २०१० साली लॉर्ड्सवर पाकिस्तानच्या बोलरांनी टाकलेले ठरवून केलेले नो-बॉल आठवा. त्या प्रकरणात पुढच्या वर्षी लंडनच्या कोर्टानं तीन खेळाडूंना तुरुंगात पाठवलं होतं.

आरोपपत्राच्या दुसऱ्याच दिवशी मेजर लीगनं सट्टा कंपन्यांशी मिळून एक नियम जाहीर केला. एकेका चेंडूवरच्या पैजेला २०० डॉलरची कमाल मर्यादा, आणि अशी पैज माळेत गुंफता येणार नाही. पाऊल योग्यच, पण अर्धवट. पैजेची रक्कम कमी झाली, प्रश्न तेवढाच लहान राहिला. कंपन्यांशी भागीदारी असलेल्या लीगनं तो प्रश्नच बंद केला नाही, हे तुमच्या नजरेतून सुटू नये.

बेसबॉलला हा धडा नवा नाही. १९१९ची वर्ल्ड सिरीज मुद्दाम हरल्याच्या प्रकरणात शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंना ज्युरीनं निर्दोष सोडलं, तरी १९२१मध्ये लीगच्या कमिशनरनं त्यांना कायमचं बाहेर काढलं. ४,२५६ हिट्सचा विक्रम नावावर असलेल्या पीट रोझवर १९८९मध्ये बंदी आली ती बेसबॉलवर पैसे लावल्यामुळे, आणि ती त्याच्या मृत्यूनंतरच, २०२५मध्ये उठली. सट्टेबाजीच्या बंदीचा नियम आजही प्रत्येक टीमच्या ड्रेसिंग रूममध्ये लावलेला असतो. तरीही जून २०२४मध्ये टुकुपिटा मार्कानो या २४ वर्षांच्या खेळाडूवर आजीवन बंदी आली. दीड लाखाहून जास्त डॉलर त्यानं बेसबॉलवर लावले होते, आपल्याच टीमच्या मॅचवरसुद्धा. लीगच्या माहितीनुसार मेजर लीगवरच्या त्याच्या पैजांपैकी ४.३ टक्केच बरोबर आल्या. पुन्हा वाचा. हा खेळ पोटासाठी खेळणारा माणूस, आणि शंभरातले चार-पाच अंदाज बरोबर!

आणि वेगाचं काय होतं, ते बघायचं असेल तर इप्पेई मिझुहाराचं प्रकरण बघा. जपानी सुपरस्टार शोहेई ओहतानीचा हा दुभाषा. त्यानं ओहतानीच्या खात्यातून जवळपास १ कोटी ७० लाख डॉलर चोरले आणि फेब्रुवारी २०२५मध्ये त्याला ५७ महिन्यांची कैद झाली. त्याच्या पैजा बेसबॉलवर नव्हत्या आणि कायदेशीर ॲपवरही नव्हत्या, बेकायदा बुकीकडे होत्या. पण आकडा बघा. साधारण दोन वर्षांत १९,००० पैजा, म्हणजे रोजच्या सरासरी २५. जिंकलेल्या पैजांची बेरीज १४ कोटी २० लाख डॉलर होती, तरी शेवटी खड्डा चार कोटींचा. तो जिंकत नव्हता असं नाही, थांबत नव्हता. दिवसाला पंचवीस वेळा ‘यावेळी वसूल करतो’ म्हणायची सोय असेल तर किती जण थांबतील?

आपल्याकडचा रस्ता

भारतानं उलटा रस्ता धरला. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा वादच बाजूला ठेवला. शिक्षेची तरतूद खेळणाऱ्याला नाही, खेळवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे. मुंबईच्या ड्रीम११नं पैशांच्या स्पर्धा बंद केल्या आणि भारतीय टीमच्या जर्सीवरून तिचं नाव गेलं.

बंदीनं सगळं थांबतं का? ज्या शहरानं मटका पाहिला, त्याला हे विचारायला नको. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे आकडे मुंबईत यायचे आणि त्यावर इथे आकडे लागायचे. मटक्याची सुरुवात तिथली. बंदी असतानाही तो वर्षानुवर्षं चालला. अमेरिकेनं दार सताड उघडलं, आपण लावून घेतलं. दोन्ही देशांत तुमच्या हातातला फोन मात्र तोच आहे. म्हणून कायदा काय म्हणतो, याच्या जोडीला आपण नेमकं कशात उतरतोय, हे ओळखता यायला हवं.

पूल चालवायचाच असेल तर

तुमच्यापैकी कुणी पुढच्या वर्षी अमेरिकेत इंटर्न किंवा नोकरदार म्हणून जाईल. कुणी इथेच ऑफिसात किंवा हॉस्टेलवर आयपीएलसाठी शीट तयार करेल. इथे करणार असाल तर पैसे लावूच नका. महाराष्ट्रात १८८७चा जुगारबंदी कायदा अजून लागू आहे. नुसते गुण ठेवा, शेवटी जिंकणाऱ्याला एक पुठ्ठ्याचा कप द्या. मजा कमी होत नाही.

तिकडे भाग घेणार असाल तर आधी कंपनीचं धोरण आणि राज्याचा नियम बघा. कॉलेजच्या टीममधून खेळत असाल तर जास्तच जपून. तिथल्या कॉलेज खेळांच्या संघटनेचे सट्ट्याबाबतचे नियम कडक आहेत आणि मित्रांमधला पूलही त्यात अडकू शकतो.

चालवायची जबाबदारी तुमच्यावर आली तर नियम पहिल्या मॅचआधी लिहून सगळ्यांना पाठवा. बरोबरी झाली तर काय, मधेच कुणी नोकरी सोडली तर काय, हेही त्यात हवं. शीट ठरल्या वेळी लॉक करा. मॅनेजरनं वर्गणी गोळा करू नये, कारण ज्युनिअरला नाही म्हणता येत नाही. आणि ‘पैसे न लावता’ असा एक रकाना ठेवा. कुणाच्या धर्मात हे बसत नसेल, कुणाच्या घरात सट्ट्यानं वाटोळं झालेलं असेल, कुणी महत्प्रयासानं त्यातून बाहेर आलेलं असेल. त्यांनी कारण सांगत बसायची वेळ येऊ नये.

पूल बिघडतोय हे ओळखायच्या खुणाही आहेत. वर्षाच्या पूलचा आठवड्याचा पूल होतो, मग रोजचा. ‘या वेळी वीस-वीस करू’ सुरू होतं. कुणीतरी उधारीवर खेळायला लागतो. शेजारच्या कंपनीतली, कुणालाच नीट माहीत नसलेली माणसं शीटमध्ये दिसू लागतात. यातलं एक जरी दिसलं तरी वही मिटा.

आणि शीट तुमच्यासमोर आली, तर नाव लिहिण्याआधी चार प्रश्न विचारा. जमलेले सगळे पैसे परत वाटले जाणार आहेत का? हरल्यावर लगेच पुन्हा लावता येतं का? ज्यावर पैज आहे, ती गोष्ट एकटा माणूस ठरवू शकतो का? आणि मी हरलो, तर ते कुणाला कळणार आहे? चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पूलमध्ये हरलात तर पंधरा जण हसतात आणि त्यातलाच एखादा कॉफी पाजतो. ॲपवर हरलात तर रात्री दोन वाजता ते फक्त तुम्हाला कळतं.